राम जोशीचा पुतळा नको, फड हवा

कवीचा पुतळा उभारायचं ठरलं की आपल्याकडे कविता सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते. चौक कुठला, उंची किती फूट, ब्राँझ की फायबर, अनावरणाला पालकमंत्री चालतील की वरून कुणाला आणायचं. मग एक दिवस रहदारीच्या मधोमध चौथरा उभा राहतो. भोवती लोखंडी ग्रील येतं आणि ग्रीलच्या आत शोभेची झाडं लागतात, ती पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. समोर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला बसते. अशी एखादी कोनशिला कधी सवडीनं वाचून बघा. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, मग सभापती, मग नगरसेवक, अगदी तळाला ठेकेदार. सगळी नावं सोनेरी अक्षरांत. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्या कवीची एखादी ओळ त्या दगडावर सापडली तर नशीब म्हणायचं.

सोलापूरला कवींची वानवा कधीच नव्हती. ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ लिहिणारे कुंजविहारी इथले, कवी संजीव इथले, बार्शीचे शाहीर अमर शेख जिल्ह्यातलेच. पंढरपूर-मंगळवेढा धरलं तर यादी थांबायचीच नाही. पण बाहेरच्या माणसाला सोलापूर म्हटलं की चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, फार तर संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. कवींचं काहीतरी स्मारक या शहरात व्हायला हवं, यावर वाद नाही. वाद आहे तो कसं व्हावं यावर. मी त्यासाठी सोलापूरचाच लावणीकार शाहीर राम जोशी निवडतो, कारण पुतळ्याची आपली नेहमीची पद्धत कुठे फसते ते त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या बाबतीत दिसत नाही.

पहिली अडचण चेहऱ्याची. राम जोशी उत्तर पेशवाईतला. १८१२ च्या आसपास तो गेला. शाहिरांची चित्रं काढून ठेवायची तेव्हा रीत नव्हती. मग शिल्पकार काय करणार? पगडी, उपरणं, हातात डफ आणि कपाळावर थोडं तेज. १९४७ साली राजकमलनं ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, त्यात जयराम शिलेदार राम जोशी झाले होते, आणि जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे आजही तोच चेहरा येतो. म्हणजे ब्राँझमध्ये ओतायचं कुणाला, तर एका नटाला. नाहीतर पेशवाईतला कुणीही एक गृहस्थ. खालची पाटी बदलली की तोच होनाजी होईल, आणखी एकदा बदलली की रामशास्त्री.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. पुराणिकाच्या घरातला हा ब्राह्मण मुलगा धोंडी शाहिराच्या तमाशाच्या नादी लागला. थोरला भाऊ मुद्गल पुराण-कीर्तन करणारा, त्यानं ह्याला घराबाहेर काढलं. हा पंढरपूरला गेला, बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकला, परत येऊन कीर्तनं करू लागला, आणि शेवटी पुन्हा फडावर उभा राहिला तो राहिलाच. मोरोपंतांशी त्याचा स्नेह जुळला. त्यांच्या आर्या त्यानं कीर्तनातून गावोगाव नेल्या. लावणी तर त्यानं संस्कृतातही रचली. ‘सुंदरा मनामधिं भरली’ ही त्याचीच, आणि ‘हटातटानें पटा रंगवुन जटा धरिसि कां शिरीं, मठाची उठाठेव कां तरी’ हीही त्याचीच. दुसरी ओळ मोठ्यानं म्हणून बघा. ट आणि ठ असे एकामागून एक पडतात की हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. ढोंगी बैराग्याची खरडपट्टी काढायची, तीही नाचता येईल अशा तालात, हे काम येरागबाळ्याचं नाही.

आता हा माणूस स्मारक समितीपुढे ठेवा. दगडावर कुठली ओळ कोरली जाईल? पैज लावायला मी तयार आहे, जटा-मठाचीच. बोधपर आहे, शाळेची सहल आली तरी हरकत नाही. ‘सुंदरा’ नको, तिथं बायका-मुलं येतात. फलकावर ‘थोर कीर्तनकार, संस्कृतज्ञ, लोककवी’ असं येईल. ‘तमासगीर’ येणार नाही. म्हणजे मुद्गल जोशीनं दोनशे वर्षांपूर्वी जे करायला घेतलं आणि ज्यात तो हरला, ते आपण ब्राँझ ओतून पुरं करणार. धाकट्याला तमाशातून सोडवून घरी आणणार.

आणि बया कुठं असेल? राम जोशीच्या फडावर उभी राहणारी, त्याची लावणी लोकांपर्यंत नेणारी बया. सिनेमावाल्यांनी निदान हंसा वाडकरांना ती भूमिका देऊन तिला पडद्याच्या मधोमध आणलं. पुतळ्यात ती मावत नाही, कारण पुतळा एकट्याचा असतो आणि फड एकट्याचा कधीच नसतो. लावणी लिहिणाऱ्याचं नाव राहतं आणि गाणारीचं पुसतं, ही आपल्याकडची जुनी खोड. ती आता दगडात कायमची करण्याचं कारण नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पुतळा करूच नये, फड करावा. जमिनीपासून गुडघाभर उंच, आपल्याकडच्याच काळ्या दगडाचा मोठा ओटा. त्याला तीन बाजूंनी बसता येईल अशी पायरी. एका कोपऱ्यात ब्राँझचा डफ आणि तुणतुणं, आत्ताच कुणीतरी खाली ठेवून चहाला गेल्यासारखं. ओट्याच्या कडेनं, बसणाऱ्याच्या बोटांना लागतील अशा खोल अक्षरांत, त्याच्या लावण्या. दोन्ही प्रकारच्या. माणसाची आकृती एकही नको. फडावर जो उभा राहील त्याच्यासाठी जागा मोकळी. शिल्पकाराला यात वाव नाही असं कुणी म्हणेल. उलट सगळा कस इथेच लागेल. पगडीतला माणूस घडवणं सोपं आहे. रिकामा ओटा असा घडवायचा की बघणाऱ्याला तिथं कुणीतरी नसल्याचं जाणवावं, यासाठी मात्र कसबी हात लागतो.

ही कल्पना काही परदेशातून उचललेली नाही. कवीच्या स्मारकाचा आपला सर्वांत मोठा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे, पंढरपूरच्या महाद्वारात. नामदेवांनी उंच जागा मागितली नाही. विठ्ठलाच्या दारातली पायरी मागितली, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांची हाडं आणून तिथं ठेवली, असं वारकरी सांगत आले आहेत. आत देवळात कान्होपात्रेची आठवण म्हणून एक झाड दाखवतात. पायरी, समाधी आणि झाड. या तीन कवींच्या स्मारकांत चौथरा कुठेच नाही. लाखो माणसं दर वारीला त्यांच्यापाशी थांबतात, आणि थांबली की त्यांच्या तोंडात अभंग असतो. एखाद्या कवीला याहून जास्त काय हवं? (आता त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, डोकं टेकवतात. नामदेवांनी पायधूळ मागितली होती, आपण त्यांना नमस्कार दिला. माणसाला उचलून वर ठेवायची आपली ओढ नामदेवांच्या मागणीपेक्षाही भारी ठरली.)

योगायोग असा की तिकडे आयर्लंडमध्येही एका कवीनं असंच काहीसं मागितलं होतं. पॅट्रिक कॅव्हनाने डब्लिनच्या कालव्याकाठी बसून लिहिलं की माझं स्मारक पाण्याशेजारी करा, थडगं-बिडगं नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला एक बाक ठेवा. १९६७ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि पुढच्या मार्चमध्ये दोस्तांनी तो बाक बसवला. ब्राँझचा कॅव्हना नंतर आला, १९९१ मध्ये, आणि तोही बाकावर बसलेलाच. शेजारी जागा सोडलेली. कालव्याला लागून लोक येतात, त्याच्या बाजूला टेकतात. चार महिन्यांत एक बाक. आपल्याकडे तेवढ्या वेळात समितीचं लेटरहेडसुद्धा छापून होत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सगळेच पुतळे खाली आणा असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची हा वेगळा विषय आहे. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्यानं आपल्या माणसाला शहराच्या मधोमध उंचावर उभं करणं हे एक उत्तर आहे, आणि त्या उंचीतला फूटभरही कमी करायचा हक्क कुणाला नाही. आपल्या चार हुतात्म्यांचंही तसंच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांनी दिलं ते शरीर दिलं, म्हणून त्यांची शरीरं आणि चेहरे चौकात असणं रास्तच आहे. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान असे चौघं एका रांगेत उभे दिसले की १९३० च्या आंदोलनातलं, मार्शल लॉच्या काळातलं सोलापूर काय होतं ते न बोलता कळतं. कवीचं तसं नाही. त्यानं मागं ठेवलं ते तोंडी फिरणारं काहीतरी. कुंजविहारींचा चेहरा सोलापुरात किती जण ओळखतील? पण फासावर जाणारा मुलगा आईला सांगतो की रडू नकोस, नऊ महिन्यांनी पुन्हा तुझ्याच पोटी येतो, ही कल्पना एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नाही. कवीचं नाव विसरतो, कल्पना विसरत नाही. स्मारक करायचं तर त्या न विसरण्याचं करायला हवं.

आता भाषेकडे येतो, कारण सोलापुरात कुठल्याही गोष्टीत भाषा येतेच. या शहराचं ग्रामदैवतच मुळात कवी आहे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कानडी वचनकार, बसवण्णांच्या काळातले. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा सगळं शहर रस्त्यावर असतं, तळ्याकाठी गर्दी मावत नाही. पण त्या गर्दीतल्या किती मराठी माणसांना सिद्धरामांचं एक वचन, मराठी अर्थासकट का होईना, येतं? माणूस देव झाला की त्याचं लिहिणं कुणी वाचत नाही. चौथऱ्याचा हा टोकाचा परिणाम म्हणा.

आणि बेंद्रे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, आधुनिक कानडी कवितेतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले. घरात मराठी बोलणारा हा माणूस १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापुरात डी.ए.व्ही. कॉलेजात, म्हणजे आजच्या दयानंदमध्ये, कानडी शिकवत होता. धारवाडनं त्यांची आठवण जपली आहे. आपण? बारा वर्षं ज्या गावात एखादा एवढा मोठा कवी राहिला त्या गावानं निदान त्याच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर दोन ओळी तरी कोराव्यात की नाही? पण कानडी लिपी दिसली की काहींना लगेच सीमाप्रश्न आठवतो. १९६७ च्या महाजन अहवालानं अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर कर्नाटकला द्यायचं सुचवलं, तेव्हाची धग अजून विझलेली नाही, हे मला कळतं. त्या अहवालाला विरोधच करायला हवा होता. पण अहवालाचं उट्टं कवितेवर काढण्यात काय अर्थ?

असं केलं की काय होतं ते बंगळुरूनं दाखवलं आहे. अलसूर तलावाजवळ तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा पुतळा १९९१ मध्ये बसवला आणि तमिळ-कानडी वादात तो तब्बल अठरा वर्षं झाकून ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणाव्या अशा जुन्या कवीला कापड गुंडाळून. शेवटी ऑगस्ट २००९ मध्ये तो उघडला तो देवाणघेवाण म्हणून. तुम्ही आमचा उघडा, आम्ही चेन्नईत तुमच्या सर्वज्ञाचा बसवतो. दोन्ही कवींनी आयुष्यभर माणसानं माणसाशी नीट वागावं एवढंच सांगितलं होतं. सोलापूरला अशा तहाची गरज नाही. आपल्याकडे साखर पेठेत तेलुगू, विजापूर वेशीत उर्दू, तळ्याच्या अंगाला कानडी हे रोजचं आहे. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो आणि हिशेब मराठीत करतो. मग राम जोशीच्या फडापासून पुढे चालत जावं तसं जमिनीत बसवलेल्या दगडांवर सिद्धरामांचं वचन कानडीत, बेंद्र्यांच्या दोन ओळी, वेमनाचं एखादं पद्य तेलुगूत, एखादा दख्खनी शेर, आणि प्रत्येकाखाली मराठी अर्थ. जमिनीतल्या दगडाला उंची नसते, त्यामुळं कुणाचा कवी कुणापेक्षा मोठा हे भांडणही निम्मं मिटतं. निम्मंच, कारण कुठला दगड आधी यावा यावरही आपण भांडू शकतो.

आक्षेप मला माहीत आहेत. सगळ्यांत मोठा मावा आणि गुटख्याचा. जमिनीलगत काही ठेवलं की दुसऱ्या दिवशी तांबडं. खरंय. पण मग बसस्टँडच्या भिंतीही उंच चौथऱ्यावर बांधायच्या का? ब्राझीलमध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर कार्लोस द्रुमोंद या कवीचं ब्राँझ शिल्प आहे, २००२ पासून, बाकावर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. त्याचा चष्मा किती वेळा चोरीला गेला याला गणती नाही. दर वेळी नवा बसवतात. बाक उचलून कुणी खांबावर नेला नाही. शिल्प लोकांत ठेवायचं तर त्याची निगा हा रोजचा खर्च धरावा लागतो, झाडलोट करणारा एक माणूस कायम नेमावा लागतो. आपण अनावरणाला मांडव, हारतुरे आणि जेवणावळीचा खर्च धरतो, धुण्यापुसण्याचा धरत नाही. जयंतीला शिडी लावून हार घालायचा, पुण्यतिथीला वाळलेला काढायचा, एवढीच आपली देखभाल.

दुसरा आक्षेप पाण्याचा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात शिल्प कसली करता? हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी चिडत नाही, कारण घागरी आमच्याही घरी भरून ठेवलेल्या असतात. पण पुतळे उभे राहायचे थांबले आहेत का? पाण्याचा प्रश्न असूनही ते राहतातच. मग निदान जे होईल ते धडाचं होऊ दे. आणि दगडात अक्षरं कोरायला ब्राँझच्या पूर्णाकृतीइतका पैसा लागत नाही, हे कुणीही पाथरवट सांगेल.

कायद्याचंही बघा. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ते, पदपथ यांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असा आदेश दिला. म्हणजे चौकाचा हट्ट तसाही सोडावा लागणार. राज्य सरकारच्या २०१७ च्या नियमांत मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम चांगला आहे, पण तो नमुना गावाला कुणी दाखवत नाही. पुतळा कसा आहे ते आपल्याला पडदा बाजूला झाल्यावर कळतं, तेव्हा बोलून उपयोग नसतो. घाईची गोष्ट तर बोलायलाच नको. राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा पुढच्या ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. फडाचा मातीचा नमुना गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर मांडा. जिल्ह्यातली माणसं त्या दिवसांत तिथून जातातच. लोकांनी त्यावर बसून बघावं, नावं ठेवावीत, सोलापूरकर त्यात मागे नाहीत.

जागा म्हणून मला भुईकोट किल्ल्यालगतची हुतात्मा बाग बरी वाटते. संध्याकाळी माणसं आपण होऊन येतात, पोरं पळत असतात, भेळेचे कागद उडत असतात. कवितेला असा गलबला बाधत नाही, लावणीला तर नाहीच.

राहिला समितीचा प्रश्न. नेहमीप्रमाणे दोन प्राध्यापक, एक निवृत्त अधिकारी, एक संपादक आणि बाकी राजकारणी घ्यायचे असतील तर घ्या. पण मोडनिंबच्या कलाकेंद्रांत आजही लावणी गायली जाते, नाचली जाते. सोलापूर जिल्ह्यात राम जोशीची विद्या ज्यांच्या गळ्यात आणि पायांत शिल्लक आहे, त्या बायका तिथं आहेत. त्यांतल्या दोघी-तिघींना समितीवर घ्या. उद्घाटनाच्या कार्यक्रमात नाचायला नंतर बोलवा, आधी नकाशा पसरलेला असताना बोलवा, मताच्या हक्कासकट. ओट्याची फरशी घासून आरशासारखी करू नका, पाय घसरतो, असं त्यांनी सांगितलं तर फरशी बदला. ओटा लहान आहे, ढोलकीवाला आणि गाणारी मावून फिरायला जागा उरत नाही, असं म्हणाल्या तर वाढवा. आणि ‘सुंदरा’ कोरायची की नाही, हे त्यांनाच विचारा.